आरोग्य आणि अधिवास

टीकाकाराने ग्रंथांचे गुणदोष पाहावेत, सरकारी कागदांच्या वाटेस जाऊ नये, असा एक संकेत आपल्याकडे रूढ आहे. आणि सामान्यतः तो योग्यच आहे. परंतु ज्या लेखनातील एकेका शब्दावर माणसाचे जगणे-मरणे अवलंबून असते, त्या लेखनाचे परीक्षण कोणीच करू नये, हे मात्र आम्हांस मान्य नाही. कादंबरीतील एखादे विशेषण अस्थानी पडले तर वाचकाचा रसभंग होतो, एवढेच. शासननिर्णयातील एखादा शब्द अस्थानी पडला तर रोग्याला रुग्णालयाच्या खिडकीवरून परत फिरावे लागते. म्हणून या लेखात आम्ही एका शासननिर्णयाचे, आणि खरे म्हणजे त्यातील एकाच कल्पनेचे, परीक्षण करण्याचे योजिले आहे. तो निर्णय म्हणजे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची व्याप्ती वाढविणारा 28 जुलै 2023 चा निर्णय. आणि ती कल्पना म्हणजे ‘अधिवास’.

प्रथम गुणांकडे पाहू. ही योजना 2 जुलै 2012 रोजी राजीव गांधी यांच्या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली. 21 नोव्हेंबर 2013 पासून ती साऱ्या राज्यास लागू झाली, आणि 2017 साली तिला महात्मा फुल्यांचे नाव मिळाले. प्रारंभी पिवळ्या व केशरी शिधापत्रिकेच्या कुटुंबांपुरती ती मर्यादित होती व दर कुटुंबामागे वर्षास दीड लाख रुपयांपर्यंतचा खर्च सरकार सोशीत असे. 2020 सालच्या साथीत तिची दारे पांढऱ्या शिधापत्रिकेच्या कुटुंबांसही उघडली गेली. 2023 च्या निर्णयाने हे औदार्य कायम केले आणि खर्चाची मर्यादा पाच लाखांवर नेली. ज्या घरात हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी जमीन गहाण पडत असे, त्या घरास या योजनेने आधार दिला आहे, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. आमची टीका योजनेच्या हेतूवर नाही. हेतू विशाल आहे म्हणूनच त्यातील संकोच डोळ्यांत भरतो, एवढेच आमचे म्हणणे आहे.

हा संकोच असा. योजनेचा लाभ घेण्यास या राज्याची शिधापत्रिका तरी हवी, नाही तर या राज्याच्या अधिवासाचा दाखला तरी हवा. दाखला मिळविण्यास सामान्यतः पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा द्यावा लागतो. ज्याचे स्वतःचे घर आहे, ज्याची मुले येथील शाळेत शिकली, त्यास हा पुरावा जमविणे कठीण नाही. परंतु ज्याच्या खोलीचे भाडे तोंडी ठरते, ज्याचे नाव मुकादमाच्या वहीपलीकडे कोठेच लिहिले जात नाही, त्याने पंधरा वर्षे कशाने सिद्ध करावीत?

हा प्रश्न पुस्तकी नाही, हे पाहण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. मुंबईहून नाशिककडे निघालेला प्रवासी ठाण्याची खाडी ओलांडून भिवंडी तालुक्यात शिरला की थोड्याच वेळात मानकोलीचा नाका लागतो. 2025 साली उल्हास खाडीवरचा पूल खुला झाल्यापासून डोंबिवलीकरांनाही हे गाव परके राहिलेले नाही. एके काळी भातशेतीचे असलेले हे गाव आज गोदामांचे झाले आहे. मानकोली, वळ, पूर्णा, दापोडे, काल्हेर या गावांतील पत्र्याच्या प्रचंड छपरांखाली मुंबईच्या मध्यमवर्गाचा सारा संसार साठविलेला असतो: औषधे, कपडे, धुलाईयंत्रे, आणि वाचकांनी घरबसल्या मागविलेली पुस्तकेसुद्धा. हा माल उचलणारे, रचणारे, बांधणारे आणि मालमोटारीत चढविणारे हात पुष्कळ अंशी उत्तर प्रदेशाचे व बिहारचे आहेत. पलीकडे भिवंडी शहरात यंत्रमागांवर तेच हात दिसतात. त्यांच्या शेजारी तेलंगणातून आलेल्या विणकरांचे. त्यांतील कित्येकांचे तारुण्य येथेच सरले. तरीही कागदोपत्री त्यांचा अधिवास बहुधा गावाकडेच राहतो.

मानकोलीची ही गोदामे येथे का आली, याचा इतिहास आमच्या विषयास मोठा उद्बोधक आहे. मुंबईच्या हद्दीत माल शिरला की जकात द्यावी लागे. म्हणून व्यापाऱ्यांनी हद्दीबाहेर पण शहराच्या हाकेच्या अंतरावर माल ठेवावयास प्रारंभ केला. म्हणजे हे गाव हद्दीच्या कृपेनेच श्रीमंत झाले. पुढे 1 जुलै 2017 रोजी वस्तू व सेवा कर आला, जकात उठली, राज्याराज्यांच्या सीमेवरील करनाके बंद झाले. मालाच्या दृष्टीने सारा देश एक झाला. लखनौचा माल मानकोलीत उतरला तर तो कोठला रहिवासी, असे आता कोणी विचारीत नाही. तो माल उतरविणारा लखनौकडचा माणूस आजारी पडला तर मात्र हा प्रश्न प्रथम विचारला जातो. मालाची जकात गेली आणि माणसाची राहिली, असेच म्हणावे लागते.

आता शब्दाकडे वळू. ‘अधिवास’ हा शब्द ‘वस्’ या धातूवरून आला आहे. राहणे, वसणे हाच त्याचा साधा अर्थ. या अर्थाने पाहिल्यास गोदामामागच्या खोलीत पाच सोबत्यांसह निजणाऱ्या कामगाराइतका मानकोलीचा अधिवासी दुसरा कोण? परंतु कायद्याने या शब्दात ‘कोठला’ हा अर्थ भरला आणि ‘कोठे’ हा अर्थ काढून टाकिला. वस्तुतः आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 1984 साली, वैद्यकीय महाविद्यालयांतील प्रवेशाच्या एका खटल्यात, भारतीय नागरिकाचा अधिवास एकच आणि तो म्हणजे भारत, असे स्पष्ट म्हटले आहे. राज्यागणिक निराळा अधिवास ही कल्पना आपल्या राज्यघटनेस ठाऊक नाही. शासनाच्या कागदांतील ‘अधिवास’ म्हणजे फार तर दीर्घ वास्तव्य. तेव्हा प्रश्न एवढाच उरतो की, औषधोपचारासाठी किती दीर्घ वास्तव्य मागावे, आणि ते का मागावे.

या निर्णयाचे लक्षपूर्वक वाचन करणाऱ्यास एक गोष्ट आश्चर्याची वाटेल. अधिवासाची ही मर्यादा शासनानेच एकदा नव्हे, तीनदा ओलांडिली आहे. पहिल्याने, 2023 सालीच शासनाने ही योजना कर्नाटकाच्या हद्दीतील 865 सीमावर्ती गावांतील लोकांना लागू केली. बेळगाव-बिदरकडील मराठी माणूस दुसऱ्या राज्यात राहतो, तरी तो आपला आहे, ही भावना यामागे होती. दुसऱ्याने, महाराष्ट्राच्या हद्दीत रस्त्यावर अपघात झाला तर रोगी परराज्यातील असो वा परदेशातील, त्याच्या उपचारास एक लाख रुपयांपर्यंत साहाय्य देण्याची तरतूद केली. आणि तिसऱ्याने, कामगार विभागाकडे नोंदलेल्या बांधकाम कामगारांस व त्यांच्या कुटुंबांस योजनेत घेतले. त्या नोंदणीस मागील वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला पुरतो.

म्हणजे भाषेच्या प्रेमासाठी सीमा ओलांडता येते, अपघाताच्या करुणेसाठी ओलांडता येते, आणि एका धंद्यापुरती श्रमाच्या नात्यानेही ओलांडता येते. या तिन्ही गोष्टी आम्हांस सर्वथैव प्रशंसनीय वाटतात. परंतु तिन्ही एकत्र वाचल्या म्हणजे काय चित्र दिसते ते पाहा. आझमगडकडचे दोन भाऊ मानकोलीच्या एकाच खोलीत राहतात आणि दोघांजवळही येथील शिधापत्रिका नाही, अशी कल्पना करावी. थोरल्यास महामार्ग ओलांडताना मोटारीने धडक दिली, तर तो योजनेत बसतो. धाकट्याच्या हृदयाची झडप निकामी झाली, तर तो बसत नाही. त्याच गोदामाच्या भिंती ज्याने बांधिल्या तो नोंदणीच्या आधारे बसतो. त्या भिंतींच्या आत दहा वर्षे ओझी वाहणारा बसत नाही. एकाच लेखकाने एकाच ग्रंथात तीन निरनिराळी मते मांडिली, तर आपण त्यास विसंगतीचा दोष देतो. तोच दोष येथे आहे. फरक एवढाच की, येथे त्याची किंमत लेखक देत नाही.

यावर दोन आक्षेप संभवतात, आणि त्यांचा विचार प्रामाणिकपणे केला पाहिजे. पहिला आक्षेप असा की, परप्रांतीयाची सोय अन्यत्र झालेली आहे. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून उपचार विनामूल्य झाले आहेत. शिवाय 23 सप्टेंबर 2018 रोजी सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेचे पत्र देशभर कोठेही चालते. गोरखपूरचे पत्र भिवंडीतही दाखविता येते. हे दोन्ही खरे आहे, आणि दोन्ही मोठे उपकारक आहे. परंतु तालुक्याच्या रुग्णालयात ताप उतरतो, हाड बसविले जाते, बाळंतपण होते. हृदयाची किंवा मेंदूची शस्त्रक्रिया तेथे होत नाही, आणि महात्मा फुले योजना मुख्यतः अशाच मोठ्या उपचारांसाठी आहे. आयुष्मान योजनेविषयी म्हणावे तर तिची मूळ यादी 2011 सालच्या सामाजिक-आर्थिक गणनेवरून केलेली. त्या यादीत ज्याचे नाव आले नाही, त्यास पुढे राज्याने आपणहून घेतले तरच पत्र मिळावयाचे. पश्चिम बंगालने 2019 साली या योजनेतून अंग काढून घेतले. ओडिशा 2025 पर्यंत तीत आलाच नव्हता. म्हणजे मानकोलीतील रोग्याचे नशीब मानकोलीत नव्हे, तर ओडिशाच्या किंवा बंगालच्या सचिवालयात ठरावयाचे! शिवाय महाराष्ट्राने आपल्या रहिवाशांसाठी गणनेच्या यादीपलीकडे जाऊन सर्वांस योजनेत घेतले. ते ज्या कारणास्तव घेतले, ते कारण परप्रांतीय श्रमिकास कमी लागू पडते काय?

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. पैसा आणि खाटा दोन्ही परिमित आहेत. येणाऱ्या प्रत्येकास दार उघडिले तर साऱ्या देशाचे रोगी येथे लोटतील आणि येथील करदात्यास खाट मिळणार नाही, अशी भीती व्यक्त केली जाते. ही भीती निर्हेतुक नाही. मुंबईच्या कोणत्याही मोठ्या सार्वजनिक रुग्णालयाचा व्हरांडा पाहिलेल्यास ती सहज पटेल. परंतु येथे दोन निराळ्या माणसांची गल्लत होते. उपचारासाठी म्हणूनच आलेला एक, आणि कामासाठी येऊन येथे आजारी पडलेला दुसरा. पहिल्याचा भार त्याच्या राज्याने उचलावा, हे म्हणणे समजण्यासारखे आहे. दुसऱ्याने मात्र या राज्याच्या संपत्तीत आपला घाम आधीच ओतला आहे. साबणाच्या वडीपासून पायांतल्या वहाणेपर्यंत जे जे त्याने विकत घेतले, त्यावरचा करही येथेच भरला आहे. त्यास पाहुणा म्हणणे म्हणजे घरच्या गड्यास पंगतीच्या वेळी परका ठरविणे होय.

हा वाद आपल्याकडेच उपजला आहे असे नाही. इंग्लंडात 1662 साली वसाहतीचा म्हणून एक कायदा झाला. गरिबाचा भार त्याच्या मूळ गावाने सोसावा, आणि जो पुढे गावावर भार होईल असे वाटे त्या नवागतास चाळीस दिवसांच्या आत परत धाडावे, असा त्याचा इत्यर्थ. पुढे शंभरावर वर्षांनी, 1776 साली, अ‍ॅडम स्मिथने आपल्या सुप्रसिद्ध ग्रंथात या कायद्यावर कडक टीका केली. काही अपराध न केलेल्या माणसास त्याने निवडलेल्या गावातून हाकलून देणे हा न्यायाचा आणि स्वातंत्र्याचा उघड भंग आहे, असा त्याचा अभिप्राय. ज्याने व्यापारास मुक्त करण्याचा पुरस्कार केला, त्याच्याच ध्यानात हे आले की माल मोकळा आणि माणूस जखडलेला, हा व्यवहार टिकाऊ नव्हे.

अमेरिकेतील एक खटला तर आमच्या विषयास नेमका लागू पडतो. ॲरिझोना राज्यातील एका काउंटीत, एक वर्ष वास्तव्य झाल्याखेरीज गरिबास तातडीचा नसलेला विनामूल्य उपचार मिळत नसे. 1974 साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने हा नियम रद्द ठरविला. नुसता तत्त्वाचा नव्हे, तर हिशेबाचाही मुद्दा न्यायालयाने पाहिला: आजार लहान असता उपचार नाकारावयाचा आणि तो प्राणावर बेतला म्हणजे तोच रोगी तातडीचा म्हणून दाखल करावयाचा, यात बचत कसली? आपल्याकडेही 2018 साली दिल्लीच्या एका सरकारी रुग्णालयात दिल्लीकरांसाठी ऐंशी टक्के खाटा राखून ठेवण्यात आल्या होत्या. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात दिल्लीच्या उच्च न्यायालयाने ते परिपत्रक समतेच्या व जीविताच्या हक्काविरुद्ध म्हणून रद्द केले. विमायोजना आणि रुग्णालयाची खाट यांत कायद्याच्या दृष्टीने अंतर असेल. न्यायबुद्धीच्या दृष्टीने ते फारसे नाही.

आमच्या वाचकांपैकी अनेकांची मुले आज विलायतेत वा अमेरिकेत आहेत. परक्या देशात आजारी पडणे म्हणजे काय, हे त्यांना मानकोलीस न जाताही कळेल. ब्रिटनमध्ये शिकावयास जाणाऱ्या विद्यार्थ्यास परवान्याबरोबरच आरोग्याधिभार म्हणून वर्षास 776 पौंड, आणि नोकरीस जाणाऱ्यास 1035 पौंड भरावे लागतात. फेब्रुवारी 2024 पासून हे दर लागू झाले. 2015 साली हा कर प्रथम बसला तेव्हा तो 200 पौंड होता. नोकरी करणाऱ्याने तेथील इतर करही भरावयाचे असतातच. तेव्हा एकाच गोष्टीचे दोनदा पैसे का, ही तक्रार आपल्या घरांतून आम्ही ऐकली आहे व ती रास्त आहे. अमेरिकेत तर कायम वास्तव्याचे पत्र मिळाल्यावरही गरिबांसाठी असलेल्या सरकारी वैद्यकीय साहाय्यास बहुतेकांना पाच वर्षे थांबावे लागते. 1996 सालच्या कायद्याने ही अट घातली. पाच वर्षे आपणांस अन्यायाची वाटतात. मग आपल्याच देशाच्या नागरिकास आपण पंधरा वर्षे कोणत्या तोंडाने सांगावीत?

आणि विलायतेपर्यंत तरी कशाला जावे? सुरतेच्या कापडगिरण्यांत खानदेशची माणसे पिढ्यान्‌पिढ्या राबत आहेत. बीडचा ऊसतोड मजूर दर हंगामात कर्नाटकाच्या कारखान्यांवर जातो. मराठी माणूस केवळ यजमान नाही, तो पाहुणाही आहे. ज्या मापाने आपण मानकोलीत मोजू, त्याच मापाने सुरतेत व बेळगावात आपली माणसे मोजली जातील.

मग उपाय कोणता? नुसता दोष दाखवून टीकाकाराने मोकळे होऊ नये. आणि येथे तर उपाय आपल्याच घरात आहे. 1948 सालच्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने औषधोपचाराचा हक्क जन्मगावाशी न जोडता नोकरीशी जोडला. ज्याच्या पगारातून वर्गणी कापली जाते, तो कोठला हे त्या कायद्यास विचारावे लागत नाही. महाराष्ट्राच्या 1969 सालच्या माथाडी कायद्याने ओझी वाहणाऱ्यांसाठी मालकांकडून आकार घेऊन कल्याणाची सोय केली. दोन्ही कायदे उत्तम; परंतु ठेकेदारामार्फत लावलेला गोदामातला पोऱ्या आणि चार-सहा मागांच्या कारखान्यातला विणकर त्यांच्या जाळ्यातून बहुधा निसटतो. पहिल्या कायद्यास निदान दहा माणसांचा कारखाना लागतो. दुसऱ्यास मंडळाकडे झालेली नोंदणी. जो निसटला त्याच्यासाठीच महात्मा फुले योजना असावी. बांधकाम कामगारास लावलेली नव्वद दिवसांची कसोटी गोदामाच्या व मागाच्या कामगारास लावावी. मालकाने किंवा ठेकेदाराने नोंद करावी, त्याने टाळल्यास ग्रामपंचायतीने वा कामगार अधिकाऱ्याने ती करावी. आणि ज्या रोग्याजवळ आयुष्मानचे पत्र असेल त्याचा खर्च त्या खात्यातून वळता करून घ्यावा. एवढे केल्याने नुसत्या उपचारासाठी येणाऱ्यांचा लोंढा वाढणार नाही, कारण नव्वद दिवस ओझी वाहून मग शस्त्रक्रिया करवून घेण्यास कोणी येत नसतो. शिधापत्रिकेच्या बाबतीत तर अर्धे काम झालेलेच आहे. 2019 पासून टप्प्याटप्प्याने आणि 2022 पावेतो सर्व राज्यांत, एका राज्याच्या पत्रिकेवर दुसऱ्या राज्यात धान्य मिळू लागले. जी पत्रिका भिवंडीच्या दुकानात तांदूळ देववू शकते, ती भिवंडीच्या रोग्यास योजनेच्या दारातून आत नेण्यास अपुरी का पडावी?

शेवटी एक गोष्ट नावाविषयी. योजनेस नाव देणाऱ्यांनी ते विचारपूर्वक दिले असले पाहिजे, असे आम्ही धरून चालतो. ज्या जोतिरावांचे हे नाव, त्यांनी 1868 साली आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुला केला. पाण्यावर आलेल्याने तहानेपलीकडे दुसरा दाखला आणावा, असे त्यांनी म्हटले नाही. त्यांच्या पश्चात 1897 च्या प्लेगात सावित्रीबाईंनी आजारी मुलाला पाठीवर घेऊन डॉ. यशवंतरावांच्या दवाखान्यात पोहोचविले, त्यात त्यांना स्वतःला तो रोग जडला, आणि 10 मार्च रोजी त्यांचा अंत झाला. त्या पोराचे गाव, जात, वास्तव्य यांची चौकशी करण्यास त्यांच्यापाशी वेळ नव्हता. आणि असता तरी ती त्यांनी केली नसती. या दोघांच्या नावाने चालणाऱ्या कागदावर ‘अधिवासाचा दाखला जोडावा’ हे वाक्य शोभत नाही. ते वगळून त्या जागी ‘येथे राबतो’ एवढेच लिहिले जाईल, तर हा निर्णय आपल्या नावास पात्र होईल, आणि आम्हांसही त्याचे निर्दोष लेखन म्हणून परीक्षण करण्याचा आनंद लाभेल.